घरातील बोल आणि मुलाचे पहिले वाचन
(व्याख्यानाचा पाठ)



जून महिन्यात पहिलीच्या वर्गात जी मुले येऊन बसतात ती शाळेच्या हजेरीपटावर सारखीच असतात. वय सहा वर्षे पूर्ण, नवे दप्तर, नवी पाटी आणि सर्वांच्या हाती एकच पाठ्यपुस्तक. परंतु दिवाळीची सुट्टी लागेपर्यंत त्याच वर्गात दोन रांगा पडलेल्या दिसतात. काही मुले अक्षराला अक्षर जोडून शब्द वाचू लागतात. काही मुले मात्र 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांच्यातील फरक शोधण्यातच अडकलेली असतात. पहिल्या रांगेला 'हुशार' म्हटले जाते. दुसऱ्या रांगेसाठी मराठी शाळांत एक एकाक्षरी शब्द फार पूर्वीपासून रूढ आहे, तो म्हणजे 'ढ'. हा शब्द एकदा चिकटला की सहसा सुटत नाही. मूल मागच्या बाकावर जाते, त्याला प्रश्न कमी विचारले जातात, आणि वाचनाची संधी ज्याला सर्वांत अधिक हवी त्यालाच ती सर्वांत कमी मिळते.

या दोन रांगांचा उगम कोठे आहे, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. बहुतेक वेळा हा फरक बुद्धीचा नसतो. शाळेत पाऊल टाकण्यापूर्वीच्या सहा वर्षांत घराने मुलाच्या कानांवर, डोळ्यांवर आणि जिभेवर जे संस्कार केलेले असतात, त्यांचा तो फरक असतो. बुद्धी देणे कोणाच्या हाती नाही. अनुभव देणे मात्र शाळेच्या, शेजाराच्या आणि समाजाच्या हाती आहे. म्हणूनच हा प्रश्न केवळ शिक्षणशास्त्राचा न राहता सामाजिक कर्तव्याचा होतो.

वाचनाची तयारी म्हणजे नेमके काय, याविषयी विद्वानांची मते गेल्या शतकात पालटत गेली. १९३१ साली अमेरिकेतील मॉर्फेट आणि वॉशबर्न या संशोधकांनी असे प्रतिपादन केले की, मुलाचे मानसिक वय साडेसहा वर्षांचे झाल्याखेरीज त्याला वाचन शिकवण्यात फारसा अर्थ नाही. फळ जसे आपोआप पिकते तशी ही तयारीही वयपरत्वे येते, अशी त्यामागची धारणा होती. पुढे न्यूझीलंडमधील मेरी क्ले यांनी शाळेच्या पहिल्या वर्षातील मुलांचे बारकाईने निरीक्षण केले आणि १९६६ च्या आपल्या प्रबंधात निराळा विचार मांडला. मूल अक्षरे शिकण्याच्या कितीतरी आधीपासून वाचनाकडे चालू लागलेले असते, असे त्यांना आढळले. मुलाची ही वाटचाल तपासण्यासाठी त्यांनी एक छोटे पुस्तक तयार केले. ते हाती देऊन मुलाला विचारायचे: पुस्तकाची पुढची बाजू कोणती? वाचायला कोठून आरंभ करायचा? ओळ संपली की कोठे जायचे? गोष्ट चित्रात असते की या काळ्या खुणांत? यातील एकाही प्रश्नासाठी अक्षरओळख लागत नाही. पण ज्या घरात कोणीतरी मुलाला मांडीवर घेऊन पुस्तक उघडले आहे, त्या घरातील मूल ही उत्तरे सहज देते. ज्याने पुस्तक प्रथम शाळेतच पाहिले, त्याला हे सर्व नवे असते. शिक्षकाच्या मते मात्र ते 'कोणालाही ठाऊक असते', म्हणून ते शिकवलेच जात नाही.

घराकडून मुलाला मिळणारी ही शिदोरी ढोबळमानाने चार प्रकारची असते. पहिली शिदोरी शब्दांची. जो शब्द कानावर पडलेला आहे तो वाचताना ओळखीचा वाटतो. जो कधी ऐकलाच नाही, तो अक्षरे जुळवून उच्चारला तरी मनात काहीच उमटत नाही. दुसरी शिदोरी ध्वनींच्या जाणिवेची. बोलणे हा अखंड प्रवाह आहे, त्यातून सुटे आवाज वेगळे काढता येणे ही वाचनाची पूर्वअट होय. तिसरी शिदोरी लिखाणाच्या उपयोगाची. किराणा दुकानाची यादी, दूधवाल्याच्या हिशेबाचे पान, भिंतीवरील दिनदर्शिका, लग्नपत्रिकेवरील नावे मोठ्याने वाचणारे आजोबा, हे सर्व पाहणाऱ्या मुलाला कागदावरील खुणा काही सांगतात हे कळते. चौथी शिदोरी गोष्टीच्या घाटाची. 'मग काय झाले?' हा प्रश्न ज्याच्या मनात रुजला आहे, ते मूल पुढची ओळ वाचण्यासाठी धडपडते.

यांतील ध्वनींच्या जाणिवेविषयी एक महत्त्वाचे संशोधन इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथे झाले. पीटर ब्रायंट, लिनेट ब्रॅडली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये असे दाखवून दिले की, तिसऱ्या वर्षी ज्या मुलांना बडबडगीते अधिक येत होती, ती पुढे वाचनात पुढे राहिली. आणि घरची परिस्थिती व बुद्धिमापन हिशेबात घेतल्यावरही हा संबंध टिकून राहिला. मराठी घरांना हे ऐकून आश्चर्य वाटू नये. पाळण्यापाशी म्हटलेली गाणी, जात्यावरच्या ओव्या, हुमान-कोडी, लग्नातले उखाणे यांतून यमक आणि ताल मुलाच्या कानी मुरतात. गाडीत वेळ जावा म्हणून खेळल्या जाणाऱ्या भेंड्यांकडे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. शब्दाचे शेवटचे अक्षर अलगद तोडायचे आणि त्यावरून नवा शब्द उभा करायचा, हा पुस्तकाशिवाय होणारा वाचनाचा अभ्यासच आहे. शब्दांची अक्षरे उलटसुलट करून बोलण्याची 'च'ची भाषा हीही त्याच जातीची. रोजच्या आरत्या, स्तोत्रे आणि भजने पाठ असलेल्या मुलालाही शब्दांच्या लयीचा असाच लाभ होतो. मात्र त्यांचा अर्थही कोणी त्याला सोपा करून सांगितला, तर शब्दांची शिदोरीही वाढते. या कशासाठीही पैसा लागत नाही. लागते ती उसंत, आणि मुलाशी बोलणारे कोणीतरी माणूस.

पुस्तकांविषयी एक मोठा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. एम. डी. आर. इव्हान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २७ देशांतील माहितीचा ताळा घेतला. सुमारे ५०० पुस्तके असलेल्या घरात वाढलेली मुले, पुस्तक नसलेल्या घरातील मुलांपेक्षा सरासरीने तीन वर्षे अधिक शिकली असे त्यात दिसले. आई-वडिलांचे शिक्षण आणि व्यवसाय यांचा प्रभाव वजा करूनही हा फरक उरला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, अल्पशिक्षित आई-वडिलांच्या घरात आलेल्या पहिल्या थोड्या पुस्तकांचा लाभ सर्वांत मोठा होता. अर्थात कपाटात पुस्तके कोंबल्याने मूल शिकते असा याचा अर्थ नव्हे. पुस्तके ही त्या घरातील बोलण्या-ऐकण्याची, विचारण्याची खूण असते.

येथे एक सावधगिरी बाळगणे आवश्यक आहे. १९९५ साली अमेरिकेतील बेटी हार्ट आणि टॉड रिस्ले यांनी ४२ कुटुंबांच्या अभ्यासावरून असा अंदाज मांडला की, गरीब घरातील मुलाच्या कानी चौथ्या वर्षापर्यंत सुखवस्तू घरातील मुलापेक्षा सुमारे तीन कोटी शब्द कमी पडतात. हा आकडा जगभर गाजला. परंतु या ४२ पैकी अत्यंत गरीब कुटुंबे केवळ सहा होती, आणि पुढील संशोधकांनी आजूबाजूच्या माणसांचे, भावंडांचे, शेजाऱ्यांचे बोलणे मोजले तेव्हा ही दरी बरीच निराळी दिसली. एकत्र कुटुंबात, चाळीत किंवा वाडीत वाढणाऱ्या मुलाविषयी तर हा आकडा जसाच्या तसा लावणे मुळीच योग्य ठरणार नाही. त्यातून टिकाऊ असे एवढेच हाती उरते की, शब्दांच्या नुसत्या संख्येपेक्षा मुलाशी होणारी देवाणघेवाण मोलाची आहे. मुलाने काही म्हणावे, मोठ्याने ते धरून पुढे न्यावे, मुलाने पुन्हा विचारावे, अशा संवादाने भाषा वाढते.

गरीब घर म्हणजे भाषेने रिकामे घर, हा समज किती चुकीचा आहे हे शर्ली ब्राइस हीथ यांच्या १९८३ मधील ग्रंथाने दाखवून दिले. १९६९ ते १९७८ या काळात त्यांनी अमेरिकेच्या कॅरोलिना भागातील कापडगिरण्यांच्या परिसरात दोन कष्टकरी वस्त्यांचा अभ्यास केला. रोडव्हिल या गोऱ्या कामगारांच्या वस्तीत आई-वडील मुलांना पुस्तक दाखवून 'हे काय?' असे विचारत आणि नेमके उत्तर घोकून घेत. ही मुले पहिल्या इयत्तांत चमकली. पण 'तुम्ही त्या जागी असता तर काय केले असते?' असे प्रश्न येऊ लागल्यावर मागे पडली. ट्रॅक्टन या कृष्णवर्णीय वस्तीत झोपताना पुस्तक वाचून दाखवण्याची रीत नव्हती. तेथे मोठी माणसे ज्याचे उत्तर स्वतःला ठाऊक आहे असा प्रश्न मुलाला विचारत नसत. 'हे कशासारखे आहे?' असे मात्र विचारत. ही मुले कल्पक, हजरजबाबी, गोष्टी रंगवणारी होती. शाळेने त्यांना 'हा रंग कोणता?' असे विचारले आणि ती गोंधळली, कारण समोर दिसणारी गोष्ट बाई का विचारतात हेच त्यांना उमगेना. त्यांची साम्यकल्पना शाळेला पुढील इयत्तांत हवी होती. परंतु तोवर ही मुले 'मागे पडलेली' ठरून गेली होती. दोन्ही घरांत भाषा होती. शाळेने एकाच घराची रीत आपली मानली होती.

हाच न्याय मराठी शाळेला लावला तर काय दिसते? वर्गाच्या भिंतीवरील पारंपरिक तक्त्याकडे पाहावे. 'ऐ' ऐरणीचा असतो, 'ए' एडक्याचा, 'ई' ईडलिंबाचा, 'उ' उखळाचा. ऐरण लोहाराच्या मुलाने पाहिलेली असते, एडका धनगराच्या मुलाने खेळवलेला असतो. सदनिकेत वाढणाऱ्या मुलाला त्यांचे केवळ चित्र माहीत असते. म्हणजे या तक्त्यापुरते तरी कष्टकऱ्याचे मूल पुढे असायला हवे. पण पुढे पाठ्यपुस्तकात येतात ते सहल, वाढदिवस, बाग आणि वाचनालय, आणि त्या बाजूला घरून आणलेले त्याचे शब्द कोणी विचारत नाही.

बोलीचा प्रश्न याहून खोल आहे. मराठीच्या अनेक बोलींत 'ण' ऐवजी 'न' उच्चारला जातो. घरी 'पानी', 'लोनी', 'कोन' ऐकलेल्या मुलाला 'ण बाणाचा' शिकवताना, जो आवाज त्याच्या कानाने कधी वेगळा केलाच नाही त्यासाठी एक निराळे अक्षर दिले जाते. वऱ्हाडात डोळ्याला 'डोया' म्हणणाऱ्या मुलाची 'ळ'पाशी हीच अडचण होते. मूल 'पाणी' हा छापील शब्द पाहून 'पानी' म्हणते, तेव्हा त्याने शब्द अर्थासह बरोबर वाचलेला असतो. तेथे 'चूक' म्हणून थांबवले, तर मुलाला कळते ते एवढेच की आपल्या घरचे बोलणे शाळेत चालत नाही. यानंतर ते मूल बोलणेच कमी करते. मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणच्या बोलीतील भेदांवर प्रबंध लिहिला आणि पुढे १९८४ मध्ये तेथेच प्रगत शिक्षण संस्था स्थापन केली. भाषाशास्त्राचा असा अभ्यास केलेल्या व्यक्तीने लहान मुलांच्या वाचन-लेखनाकडे वळावे, ही गोष्ट बोली आणि पहिले वाचन यांचे नाते किती निकटचे आहे याची साक्ष देते.

देवनागरी लिपीची स्वतःचीही काही वळणे आहेत. ही लिपी उच्चाराशी पुष्कळ इमानी असल्याने तिच्यात स्पेलिंगची घोकंपट्टी नाही. परंतु मूळ अक्षरे, बाराखडी आणि जोडाक्षरे मिळून ओळखायच्या आकृत्या शेकड्यांनी भरतात. 'कि' लिहिताना वेलांटी 'क'च्या आधी येते, उच्चारताना नंतर. 'कर्म' या शब्दातील 'र' बोलताना 'म'च्या आधी येतो, लिहिताना 'म'च्या डोक्यावर चढतो. हे सर्व आत्मसात होण्यास इंग्रजी वर्णमालेच्या मानाने अधिक काळ लागतो. या लांबलेल्या काळात मुलाचा उत्साह टिकवणारे कोणी घरी असेल, तर ते तग धरते. घरी कोणी नसेल आणि शाळेतही महिनोन्महिने केवळ सुटी अक्षरे गिरवली जात असतील, तर वाचन म्हणजे अर्थहीन खुणांचा पाढा अशी त्याची समजूत होते. महाराष्ट्रातील वाडा आणि कर्नाटकातील यादगीर या भागांत मराठी व कन्नड वाचनाचा तीन वर्षे अभ्यास झाला आणि त्याचा अहवाल २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्गातील बहुतांश वेळ अक्षरे व बाराखडी यांवर जातो. गोष्ट ऐकणे, तिच्याविषयी बोलणे, स्वतःच्या मनातले लिहिणे यांना फार थोडी जागा मिळते, असे त्यातून समोर आले. ज्या मुलाला घरी गोष्ट मिळते त्याचे यामुळे अडत नाही. ज्याला ती मिळत नाही, त्याचे दोन्हीकडून नुकसान होते.

मुलाच्या घराला कमी न लेखता शाळा कशी उभी करावी, याचा धडा महाराष्ट्रात फार पूर्वी घालून दिला गेला आहे. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्याच वर्षी त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्त्यांमध्ये गेले. हा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात मोडतो. गरीब वस्तीतील मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसताच, बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेण्यात आली; 'अंगणवाडी' हा शब्द यातून रुजला. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. महागड्या विदेशी साधनांच्या जागी शिंपले, बिया, काड्या, पाने आणि माती ही शिकण्याची साधने झाली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली तेव्हा तिच्या केंद्रांना हेच नाव मिळाले, आणि आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. नाव सर्वदूर पोचले. त्यामागील दृष्टी, म्हणजे मुलाच्या अंगणात जे आहे तेथून आरंभ करण्याची वृत्ती, त्याच वेगाने पोचली असे मात्र म्हणता येत नाही.

वारली घराचेच उदाहरण घेण्यासारखे आहे. त्या घरात छापील पुस्तक नसेल, पण लग्नप्रसंगी सुवासिनी भिंतीवर चौक लिहितात. 'चित्र काढतात' असे न म्हणता 'चौक लिहितात' असेच तेथे म्हटले जाते. प्रत्येक आकृतीला ठरलेला अर्थ असतो आणि धवलेरी गाण्यातून विधी पुढे नेते. खूण आणि अर्थ यांचे नाते, ठरलेला क्रम, गाण्यातून उलगडणारी कथा, हे सर्व त्या घरातील मूल पाहत मोठे होते. चौकातील आकृती वाचू शकणाऱ्या मुलाला 'याच्या घरी वाचनाचे वातावरण नाही' असे म्हणून बाजूला सारणे, हे शाळेच्या नजरेचे अपुरेपण होय.

याचा अर्थ दारिद्र्य ही किरकोळ बाब आहे असा मुळीच नव्हे. पहाटे मजुरीला जाऊन दिवेलागणीनंतर परतणाऱ्या आईजवळ गोष्टी असतात, पण त्या सांगण्याइतके त्राण उरत नाही. ऊसतोडीसाठी बीडसारख्या जिल्ह्यांतून कुटुंबे दिवाळीच्या सुमारास निघतात ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांची गत तीच. पहिलीतील मुलाला जेमतेम वीस-पंचवीस अक्षरे येऊ लागलेली असतात तोच त्याची शाळा सुटते. अपुरे पोषण, अंगात रक्त कमी असणे, वारंवार फुटणारा कान, कोणाच्या लक्षात न आलेला डोळ्यांचा दोष, यांपैकी काहीही मुलाचे लक्ष टिकू देत नाही. 'घरी लक्ष देत नाहीत' हे वाक्य पालकसभेत वारंवार ऐकू येते. ज्यांना लक्ष द्यायला वेळच उरत नाही त्यांना ते ऐकवणे अन्याय्य आहे. कित्येकदा अशी आई शाळेच्या दाराबाहेर उभी राहते, कारण आपल्याला वाचता येत नाही याचा संकोच तिला आत येऊ देत नाही.

दुसऱ्या बाजूने, सुशिक्षित आणि संपन्न घर म्हणजे तयार मूल, हेही गृहीत धरता येत नाही. तीन वर्षांच्या मुलाच्या हाती पेन्सिल देऊन रेघा गिरवून घेणे म्हणजे वाचनाची तयारी नव्हे. घरी मराठी, गुजराती किंवा मारवाडी बोलणाऱ्या मुलाला घरात कोणीच न बोलणाऱ्या भाषेत पहिली अक्षरे शिकवली जातात, तेव्हा घराने दिलेली शब्दांची शिदोरी आपणच दाराबाहेर ठेवली जाते. मूल इंग्रजी शब्द खडखडीत वाचते आणि अर्थ विचारला की गप्प होते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा हे शिक्षणाचे माध्यम असावे असे म्हटले आहे, त्यामागे हेच कारण आहे. भ्रमणध्वनीच्या पडद्याविषयीही बोलणे प्राप्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये एक वर्षाखालील बालकांना पडदा मुळीच दाखवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी तो दिवसाला एक तासाहून अधिक नसावा, असे सुचवले. पडदा बोलतो, पण मुलाचे ऐकत नाही. जेवू घालताना समोर धरलेल्या पडद्यामुळे त्या घासागणिक होणारे बोलणे बंद पडते, हे त्यातील खरे नुकसान आहे.

हे सर्व आज तातडीचे का आहे, ते एका आकड्यावरून ध्यानात येईल. 'असर' हे घरोघरी जाऊन केले जाणारे सर्वेक्षण २००५ पासून ग्रामीण भारतातील मुलांचे वाचन तपासत आले आहे. २०२४ च्या पाहणीत पाचवीतील ४८.८ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. तिसरीत हे प्रमाण २७.१ टक्के होते. म्हणजे पहिलीत पडलेल्या दोन रांगा पाचवीपर्यंत मिटत नाहीत. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानाने तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला अर्थासह वाचता यावे हे ध्येय ठरवले आहे. ते गाठायचे तर शाळेला पहिल्या दिवशी मुलाने घरून काय आणले आहे हे पाहावे लागेल, आणि जे आणता आले नाही ते न रागावता द्यावे लागेल.

हे देता येते, याला आधार आहे. १९८८ साली ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट यांनी काही आई-वडिलांना एवढेच शिकवले की, पुस्तक वाचताना मुलाला श्रोता बनवून ठेवू नये. 'पुढे काय होईल?', 'तुला काय वाटते?' असे विचारावे आणि मुलाचे उत्तर धरून पुढे जावे. एका महिन्यात त्या मुलांची बोलती भाषा इतरांपेक्षा काही महिन्यांनी पुढे गेली. पुढे १९९२ मध्ये मेक्सिकोतील गरीब घरांच्या मुलांबरोबर पाळणाघरात शिक्षिकेने हीच रीत वापरली, तेव्हाही लाभ दिसला. म्हणजे जे घराला जमले नाही ते दुसऱ्या प्रेमळ माणसाला जमते. बोस्टनमध्ये १९८९ पासून बालरोगतज्ज्ञ तपासणीच्या वेळीच मुलाच्या हाती पुस्तक देऊ लागले; बर्मिंगहॅममध्ये १९९२ पासून तान्ह्या बाळांच्या घरी पुस्तके पोचवली जाऊ लागली. आपल्याकडे २००४ मध्ये स्थापन झालेल्या 'प्रथम बुक्स'ने मराठीसह अनेक भारतीय भाषांत अल्प किमतीची गोष्टींची पुस्तके आणली. साधने आता दुर्मीळ राहिलेली नाहीत.

मग कोणी काय करावे? ज्या आईला अक्षरओळख नाही तिने आपल्याला काही देता येत नाही असे मानू नये. भाजी निवडताना, पाणी भरताना मुलाशी बोलावे. आपल्या गावची, आजोळची गोष्ट सांगावी. मोठ्या भावंडाला धाकट्यासमोर धडा वाचायला बसवावे. शाळेतून आलेले पुस्तक मुलाकडून चित्रांवरून 'वाचून' घ्यावे. शिक्षकाने पहिल्या दोन महिन्यांत अक्षरांची घाई न करता रोज एक गोष्ट मोठ्याने वाचावी, मुलांच्या बोलीतील वाक्ये फळ्यावर लिहून तीच त्यांना वाचायला द्यावीत. स्वतःच्या तोंडचे वाक्य फळ्यावर उमटलेले पाहणे, हा ज्याच्या घरी लिखाण नाही अशा मुलासाठी फार मोठा अनुभव असतो.

आणि धर्मादाय संस्थांसाठी हे काम तर अगदी हाताजवळचे आहे. दरवर्षी जूनमध्ये वह्या, गणवेश आणि दप्तरे यांचे वाटप होते. ते स्तुत्य आहे आणि चालूच राहावे. परंतु वही लिहिता येणाऱ्याच्या कामी येते. तिच्या जोडीला अंगणवाडीतील प्रत्येक मुलाला वर्षाकाठी गोष्टीची दोन-चार पुस्तके घरी नेण्यास मिळाली, ती फाटतील या भीतीने कपाटात कुलूपबंद झाली नाहीत, तर पुस्तक नसलेल्या घरात पहिले पुस्तक जाईल. संस्थेच्या सभागृहात आठवड्यातून एक दिवस निवृत्त शिक्षकांनी, आजी-आजोबांनी वस्तीतील चार-पाच वर्षांच्या मुलांना गोष्ट सांगावी, आणि मुलांकडून ऐकावीही. डोळे आणि कान यांची तपासणी पहिलीच्या आरंभीच व्हावी. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाच्या गाठोड्यात मुलाचे एक पुस्तक बांधून द्यावे. यांपैकी कशासाठीही इमारत बांधावी लागत नाही किंवा शासनाच्या अनुदानाची वाट पाहावी लागत नाही.

संस्थेची पन्नास वर्षे पूर्ण होत असताना पुढील वाटचालीचा विचार होणे स्वाभाविक आहे. येत्या जूनमध्ये या परिसरातील शाळांत पुन्हा पहिलीचा वर्ग भरेल. त्यातील जी मुले पुस्तक नसलेल्या घरातून येतील त्यांचे आज वय चार-पाच वर्षांचे आहे आणि ती याच गल्ल्यांत खेळत आहेत. त्यांच्यासाठीचा अवधी थोडा असला तरी संपलेला नाही. तो उपयोगात यावा, एवढी विनंती करून हे विवेचन येथे पूर्ण होते.